लिफ्टमधला माणूस आणि रुसलेली विहीण

टाचणीकाकूंचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही ते आठवायला छताकडे बघावं लागतं. चाळीस वर्षं ही बाई शिवणकाम करते आहे. दिवसाचे आठ तास तोंडात टाचण्या धरून बसते आणि तरी बोलायची थांबत नाही. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात चार टाचण्या, उजव्या कोपऱ्यातून गिऱ्हाइकाच्या वाढलेल्या पोटावर शेरा. अजून एकही टाचणी गिळलेली नाही, याचं डॉक्टरांना नवल वाटतं. डॉक्टरांची पँटही ढिली करून तिनेच दिलेली आहे, तेही दोनदा.

चार मजली इमारतीच्या तळमजल्यावर पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागच्या दोन म्हणजे घर. दुकानात एक लांबरुंद कटिंगचं टेबल, दोन मशिनं आणि भिंतभर खिळे. खिळ्यांना तपकिरी कागदातून कापलेली मापं लटकत असतात. कुणाची कॉलर, कुणाची बाही, कुणाचा खिसा. मापावर नाव नसतं, खूण असते. कुबड काढून चालणाऱ्याच्या पाठीवर छोटा डोंगर काढलेला, उधारी बुडवणाऱ्याच्या खिशावर भोक. हा खुणांचा कारभार पुढे काय गोंधळ घालणार आहे, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

घरातला दुसरा प्राणी म्हणजे लिफ्टकाका, टाचणीकाकूंचे यजमान. तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. आयुष्य खाली-वर करण्यात गेलं, पण माणूस कायम एकाच पातळीवर राहिला. शांत. घरात बोलण्याचा वाटा बायकोने आगाऊच उचलल्यामुळे त्यांच्या वाट्याला "हं" आणि "बरं" एवढेच शब्द उरले, आणि त्यावर त्यांचं संसारात कधी अडलं नाही.

यांच्या मुलाने चिनी मुलगी पसंत केली तेव्हा गल्लीला वाटलं, आता बघायला मिळणार. समोरच्या गॅलरीतल्या बाई, ज्यांना सगळे दुर्बीण म्हणतात, तीन दिवस गॅलरीतून हलल्या नाहीत. पण झालं भलतंच. सून इथल्याच कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, मराठी तिथेच शिकलेली, हात अतिशय बारीक कामाचा. पहिल्याच भेटीत तिने टाचणीकाकूंनी घातलेलं एक काज उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, असं काम मी दातांत करते. झालं. त्या दिवसापासून सासू सुनेवर खूश. गल्लीच्या तोंडचा घास गेला.

घोडं अडलं ते विहिणीपाशी.

लग्नाला सुनेची आई एकटी आली होती. सडपातळ, ताठ, काचेच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर जन्म घालवलेली बाई. पेला हातात आला की आधी उजेडाकडे धरून बघायची, मग पाणी प्यायची. टाचणीकाकूंनी तिच्यासाठी एक वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. सून फोटो काढण्यात गुंतली होती, म्हणून मुलाने आपला फोन पुढे केला. "आई, यात बोल, हा चिनीत सांगेल." काकू फोनच्या तोंडाशी वाकल्या आणि मनापासून म्हणाल्या, "तुमची मुलगी आमच्या घराच्या मापात नेमकी बसली हो. कुठे कापायला नको, उसवायला नको." फोनने क्षणभर विचार केला आणि मोठ्या आवाजात काहीतरी ठणकावलं.

विहिणीचा चेहरा ओला कपडा दोरीवरून घसरावा तसा घसरला. ती दुसऱ्या दिवशी निघून गेली. मेल्या यंत्राने ध चा मा केला होता एवढं तर उघड होतं, पण ते नक्की काय बरळलं हे कुणालाच कळेना. सुनेने फोनवरून दहादा विचारलं. आई दहादा म्हणाली, काही नाही. आता 'काही नाही' या शब्दांचा अर्थ जगातल्या सगळ्या भाषांत एकच होतो, तो सांगायला नको. त्यानंतर दोन वर्षं मुलगी फोनवर दिसली की विहीण तासभर बोलायची, आणि मागे टाचणीकाकू दिसल्या की मान तुकवायची आणि फोन ठेवायची.

सून म्हणाली, मी समजावून सांगते आईला, तुम्ही काय म्हणाला होतात ते. काकूंनी ते साफ नाकारलं. आपली शिवण आपणच घालायची, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच्या हातून घालून घेतली तर ते ठिगळ दिसतं. त्यात थोडा ताठा होता आणि पुष्कळशी लाज होती, पण ताठ्याचं कापड वर आणि लाजेचं आत, असं त्यांनी ते शिवून टाकलं.

आणि मग सुनेला दिवस गेले. बाळंतपणाला तिची आई येणार, पूर्ण महिनाभर राहणार, असं ठरलं. मुलाचं घर म्हणजे एक खोली, तीही खुर्ची सरकवली तरच दार उघडणारी. तेव्हा विहीण राहणार टाचणीकाकूंच्या मागच्या खोलीत. बाळ होईपर्यंत दुपारभर सून कामावर, मुलगा कामावर, आणि घरात या दोघी समोरासमोर. मधे फोन आणायचा नाही हे काकूंनी जाहीर केलं. एकदा हात दाखवून अवलक्षण केलंय, पुन्हा नाही. हातात चार महिने होते.

"मला शिकव," त्या सुनेला म्हणाल्या. "तुमचं लिहिणं."

सून म्हणाली, बोलणं शिका, ते सोपं. काकूंनी दोन रविवार बोलणं शिकून पाहिलं. एकच शब्द चार सुरांत म्हटला तर चार अर्थ होतात हे कळल्यावर त्यांनी टाचण्या काढून ठेवून पाहिल्या, दात घासून पाहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या रविवारी त्यांनी हट्टच धरला की लिहिणंच शिकायचं. सुनेने नाइलाजाने विचारलं, आई, वर्तमानपत्र वाचायचं तर दोन हजार अक्षरं लागतात, ठाऊक आहे ना? काकूंचा चेहरा उतरला. मग सुनेने सहज म्हणून टेबलावरच्या खडूने एक अक्षर काढलं: 木. म्हणजे झाड. शेजारी तसंच आणखी एक काढलं, 林, झालं वन. तिसरं वर ठेवलं, 森, झालं घनदाट अरण्य.

काकूंनी तिच्या हातातून खडू काढूनच घेतला.

"थांब. हे सुटे भाग आहेत," त्या म्हणाल्या. "हे जोडकाम आहे गं. तू मला सांगत का नाहीस?"

बस. तिथून पुढे गाडी थांबलीच नाही. दोन हजार शर्ट शिवायला दोन हजार प्रकारच्या बाह्या लागत नाहीत, हे ज्याला कळलं त्याला चिनी लिपी कळली, असं त्या नंतर गल्लीला सांगत सुटल्या. सुतावरून स्वर्ग गाठायचा तो असा. डावीकडची चिंचोळी पट्टी म्हणजे बाही, वर बसते ती कॉलर, खाली असतो तो घेर, आणि चारी बाजूंनी बंद तो खिसा. माणसाची बाही झाडाला जोडली की 休, झाडाला टेकलेला माणूस, म्हणजे विश्रांती. पाण्याच्या तीन थेंबांची बाही कुठेही दिसली की समजायचं, गोष्ट ओली आहे. नदी, समुद्र, धुणं, घाम. तेच तीन थेंब डोळ्याच्या शेजारी लावले की 泪, आसवं. या अक्षरावरून काकूंनी बोट फिरवलं. मग म्हणाल्या, कोण होता तो शहाणा, ज्याने हे पहिल्यांदा शिवलं?

प्रत्येक भाग त्यांनी तपकिरी कागदातून कापला आणि खिळ्याला अडकवला. एका खिळ्याला छप्पर, एकाला दरवाजा, एकाला हृदय, एकाला बाई. छपराखाली बाई बसवली की 安, म्हणजे शांतता. बाईशेजारी मूल उभं केलं की 好, म्हणजे छान. काकूंनी विचारलं, छपराखाली एक बाई म्हणजे शांतता, मग दोन बायका शेजारीशेजारी बसवल्या तर? सून आधी सांगेना. मग म्हणाली, तसं एक जुनं अक्षर आहे, कुणी वापरत नाही आता. अर्थ काय? अर्थ भांडण. काकू म्हणाल्या, हे मात्र खिळ्याला लावू नकोस, तुझी आई यायची आहे.

आणि लक्षात कसं ठेवायचं? तर जसं मापांचं केलं तसंच. खुणेने. प्रत्येक अक्षराला त्यांनी गल्लीतलं एक माणूस वाटून दिलं. डोळ्यावर हात धरला की 看, म्हणजे बघणं. ते अर्थातच दुर्बीणबाईंना. दरवाजाच्या चौकटीत लाकूड उभं केलं की 闲, म्हणजे निवांत, रिकामटेकडा. ते गेलं निवृत्त पोस्टमास्तरांना, कारण ते सकाळी नऊपासून दारात ओंडक्यासारखे बसलेले असतात. ही बातमी गल्लीत पसरली तेव्हा पोस्टमास्तर आठवडाभर रागावले, आणि नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगू लागले की चीनमध्ये आपलं एक अक्षर आहे. मग रांग लागली. कुलूपवाल्याला अक्षर पाहिजे, चष्मेवाल्याला पाहिजे. दुर्बीणबाई येऊन खात्री करून गेल्या की आपलं अक्षर जुनं आणि मानाचं आहे ना.

काकूंची एक वही होती. वहीत अक्षर आणि शेजारी चित्र. अर्थ कुठेच लिहिलेला नाही. सून म्हणायची, आई, अर्थही लिहा हो. त्यावर काकूंचं उत्तर ठरलेलं: चित्र पुढे गेलं की अर्थ येतोच मागून, गाईमागे वासरू यावं तसा.

एका रविवारी सुनेने खिशाचा तुकडा घेऊन त्यात माणूस बसवला. 囚. चौकोनात कोंडलेला माणूस, म्हणजे कैदी. तेवढ्यात लिफ्टकाका चहाचा रिकामा कप ठेवायला दुकानातून गेले. काकू हसायलाच लागल्या. अगं, हे तर हे. पेटीत अडकलेला माणूस, तीस वर्षं. त्यांनी वहीत पेटी काढली, पेटीत काका काढले, काकांना मिश्या काढल्या, हातात स्क्रूड्रायव्हर दिला. चित्र इतकं झकास जमलं की काका स्वतः येऊन बघून गेले आणि "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून ही फार मोठी दाद.

पुढचे दोन महिने त्या पानावरून काकूंची नजर रोज फिरली आणि रोज त्यांना लिफ्ट दिसली. वासरू कुठे रानात हरवलं ते त्यांच्या गावीही नाही.

विहीण यायला महिना राहिला तेव्हा काकूंनी पत्र लिहिलं. सुनेला न दाखवता. एकतीस अक्षरं, प्रत्येक अक्षर पट्टीने मापून, आणि चार कागद वाया घालवून. नमस्कार. आमचं घर लहान आहे. घरात शांतता आहे. माझा नवरा चांगला माणूस आहे. मग लिफ्टचं काम तीस वर्षं, हे सांगायला त्यांनी चौकोनातला माणूस काढला आणि पुढे तीस वर्षं. मग झाडाला टेकलेला माणूस, आता विश्रांती. शेवटी, या. पाकीट बंद केलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. सगळ्या जन्मात एवढा अभिमान त्यांना फक्त एकदा वाटला होता, एका नवरदेवाचा कोट तासाभरात शिवून दिला तेव्हा.

आता तिकडे काय झालं असेल ते बघा. काच तपासणारी बाई. पत्र उजेडाकडे धरून वाचलं असणार. घर लहान. घरात शांतता. नवरा चांगला माणूस. कैदी तीस वर्षं. आता विश्रांती. या.

दहा दिवसांनी तिकडून उत्तर आलं, दोनच अक्षरांचं. 安心. छपराखालची बाई आणि हृदय. काकूंनी ते टेबलावर ठेवलं आणि सुनेला हाक न मारता स्वतःच सोडवलं. शांतता, मन. मन शांत ठेवा. दोन वर्षांत विहिणीकडून आलेला पहिला शब्द. त्या दिवशी ज्याने ज्याने कपडे टाकले त्याला त्याला काकूंनी ते पत्र दाखवलं, आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा डावा पाय उजव्याहून दोन बोटं आखूड झाला.

विहीण आली. स्टेशनवर तिने काकूंना मान तुकवली, तेवढीच, दोन वर्षं तुकवत होती तशीच. पण लिफ्टकाकांचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काका गोंधळून "बरं, बरं" म्हणाले.

घरात आल्यावर पहिलं काम तिने काय केलं असेल, तर सगळी दारं उघडली. पुढचं, मागचं, मोरीचं. मग खिडक्या. काका ज्या खोलीत बसतील त्या खोलीचं दार ती उघडं टाकायची आणि दाराला वीट लावून ठेवायची. जेवताना चांगला तुकडा काकांच्या ताटात. चहा आधी काकांना. सकाळ झाली की ती काकांची चप्पल दाराशी आणून ठेवायची आणि बाहेर हात दाखवायची, चला. काका चालायला जायचे. संध्याकाळी पुन्हा. मैदानापर्यंत, जिथे वर नुसतं आभाळ दिसतं. तिथे ती थांबायची, वर बोट दाखवायची आणि काकांकडे पाहून हसायची. काकाही वर बघायचे. ढग असायचे, कधी एखादी घार. काकांना सर्दी झाली, पण फिरणं चुकलं नाही.

आणि काकूंशी? काकूंशी नुसती मान.

काकूंचं डोकं भणाणलं. चार महिने रक्त आटवलं ते यासाठी? दिवसातून दहा वेळा त्या खडू घेऊन विहिणीसमोर बसत, लिहीत, चहा पाहिजे का? विहीण मान हलवी. झोप आली का? मान हलवी. त्यापुढे काही नाही. मनात असलेला प्रश्न एकच होता, त्या दिवशी फोन काय बोलला. तो लिहायला खडू उचलायचा आणि विहिणीचा तो ताठ चेहरा पाहिला की हात चहावरच यायचा.

त्यात दुर्बीणबाईंनी तेल ओतलं. कपडे टाकायचं निमित्त करून त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "काही म्हणा, या वयात लिफ्टकाकांचं नशीब फळफळलं. सकाळसंध्याकाळ सोबत."

काकूंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून टेबलावर ठेवल्या. ही खूण ज्यांना माहीत आहे ते अशा वेळी दुकानाबाहेर पडतात. दुर्बीणबाई पडल्या.

रात्रीच्या जेवणाला काकूंनी यजमानांना विचारलं, काय बोलता हो तुम्ही तिथे मैदानात? काका म्हणाले, मी कुठे बोलतो? आणि हे इतकं खरं होतं की काकूंनी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

नवव्या दिवशी सकाळी दोघी विहिणी बाजारातून परतल्या. पिशव्या विहिणीच्या हातात, कारण ती त्या काकूंना उचलू देत नव्हती, आणि तोंड मात्र बंद. इमारतीच्या दाराशी गर्दी. लिफ्ट अडकली होती. निवृत्त झाले तरी इमारतीची लिफ्ट काकाच बघतात. त्यांनी दार उघडून आत पाहिलं, स्क्रूड्रायव्हर काढला आणि चष्मेवाल्याला सांगितलं, मी आत जातो, बाहेरून दार लावून घे.

ते आत पाऊल टाकतात तोच विहिणीच्या हातातून पिशवी पडली. कांदे पायऱ्यांवरून गडगडत गेले. तिने धावत जाऊन काकांची कॉलर मागून पकडली आणि अशी ओढली की कॉलर अर्धी हातात आली. कधी न बोलणारी ती बाई दणादण बोलत सुटली. कुणाला एक शब्द कळत नव्हता, पण चष्मेवाला दार सोडून मागे सरकला. ती काकांना बाहेर ओढत होती, बंद पेटीकडे बोट दाखवून नाही, नाही, असं डोकं हलवत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तीन थेंब नव्हे, पुष्कळ.

काकू पुढे झाल्या. त्यांना वाटलं, बाई लिफ्टला घाबरते आहे. हिला सांगायला पाहिजे की या माणसाचं पोटच या पेटीवर भरलं. खिशात खडू होताच. त्यांनी लिफ्टच्या दारावर भलामोठा चौकोन काढला, चौकोनात माणूस काढला, 囚. मग काकांकडे बोट, लिफ्टकडे बोट, अक्षराकडे बोट. खाली लिहिलं, तीस वर्षं.

विहीण थांबली. तिने अक्षर पाहिलं. मग लिफ्ट पाहिली. मग काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला. पेल्यातला तडा शोधावा तशी एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. मग तिने हळूच आपली दोन मनगटं एकमेकांना जोडून बांधल्यासारखी धरली आणि हनुवटीने अक्षराकडे खूण केली.

काकू त्या मनगटांकडे बघत राहिल्या. आणि दोन महिने रानात हरवलेलं वासरू धावत धावत घरी आलं.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या. "कैदी. मी यांना कैदी केलं."

विहिणीचं हसू आधी नाकातून आलं. मग तिने तोंडावर हात धरला, पण ते बोटांमधून सुटलं. ती पायरीवर बसली, कांद्यांच्या मधोमध, आणि पोट धरून हसू लागली. काकू तिच्याशेजारी बसल्या. एकीचं थांबलं की दुसरी त्या अक्षराकडे बघायची आणि पुन्हा सुरू. काकांना अजून पत्ता नव्हता की ते नऊ दिवस जन्मठेप भोगून सुटलेले गुन्हेगार म्हणून राहिले आहेत. लोंबणारी कॉलर सावरत ते म्हणाले, झालं असेल तर दार लावा.

दुकानात आल्यावर काकूंनी टेबलावर शाळेच्या कोटाचं गडद निळं कापड अंथरलं. खडू ठेवले दोन, एक आपल्याला, एक विहिणीला. थोडं खडूने, थोडं हातवाऱ्यांनी आणि थोडं चेहऱ्याने, बोलणं सुरू झालं.

काकूंनी आधी हेच विचारलं, कैदी वाचूनही तू आलीस? मुलीला विचारलंही नाहीस?

विहिणीने लिहिलं त्याचा मतलब असा: मुलीला सांगितलं नसेल असं वाटलं. तिला आता काळजी नको. पत्र मला लिहिलं होतंस, म्हणजे गोष्ट माझ्याजवळ ठेवायला दिली होतीस. आणि तू आधी लिहिलं होतंस, चांगला माणूस. मी ते आधी वाचलं.

काकूंनी ते दोनदा वाचलं. आपल्या घरात तीस वर्षं तुरुंगात काढलेला माणूस आहे असं समजून, ही बाई त्याला आभाळ दाखवायला नेत होती. आणि आपण काय समजून बसलो होतो ते आठवून त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुर्बीणबाईंचं ते वाक्य लिहायला चिनी अक्षरं येत नाहीत, याचं त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं.

मग त्यांनी खडू उचलला आणि चार महिने ज्याच्यासाठी धडपड केली ते लिहिलं. लग्न. फोन. काय?

विहीण उठून उभी राहिली. मग टेप उचलून तिने हवेत कुणाचं तरी माप घेतलं. मुलगी, असं लिहिलं. मग टेबलावरची मोठी कात्री घेतली आणि हवेत चालवली, करकर, करकर. फोन म्हणाला होता: तुमच्या मुलीचं माप घेतलंय, आता कापतो.

काकूंनी कपाळावर हात मारला. पण विहिणीचं संपलं नव्हतं. तिने लिहिलं की यंत्र चुकलं हे तिला तेव्हाच कळलं होतं. कोण आई लग्नात असं बोलेल? तिला राग फोनचा नव्हता. तू पुन्हा सांगायला आली नाहीस, एवढंच. मी वाट बघितली. सकाळपर्यंत. तू लांबून हसलीस आणि लांबच राहिलीस. मग मला वाटलं, सांगण्यासारखं काही नव्हतंच.

म्हणजे दोन वर्षं ही तिकडे वाट बघत होती आणि या इकडे लाजत होत्या. काकूंनी टेप घेतला. विहिणीला समोर उभं केलं, मुलीच्या जागी. खांदा मापला, कंबर मापली, उंची मापली. मग घराच्या दाराची चौकट मापली. दोन्ही मापं शेजारी शेजारी धरली आणि लिहिलं, 好. मग कात्री उचलून दूर, मशिनच्या मागे ठेवून दिली.

विहिणीने ते सगळं नीट पाहिलं. मग उठून मशिनमागची कात्री परत आणली.

शेजारी पांढरं मऊ कापड घडी करून ठेवलेलं होतं, बाळाच्या झबल्यांसाठी आणलेलं. महिना झाला तरी काकूंनी त्याला कात्री लावली नव्हती. विहिणीने निळ्या कापडावर एक अक्षर काढलं, 初. काकूंनी ते भाग पाडून वाचलं. डावीकडे कापडाची बाही. उजवीकडे सुरी. कापड, सुरी. त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, म्हणजे शिंपी?

विहिणीने नाही म्हणून मान हलवली. पांढरं कापड उलगडलं, कडेला कात्री लावली आणि एकच बोटभर काप दिला. तिथेच थांबली. कापाकडे बोट, अक्षराकडे बोट. मग पुढचं सगळं न कापलेलं कापड हाताने पसरून दाखवलं, लांबच लांब, टेबलाच्या टोकापर्यंत.

काकूंना कळायला वेळ लागला नाही. चाळीस वर्षं त्या हेच करत होत्या. पहिला काप दिल्याखेरीज कुठला कपडा जन्माला येतो? सुरुवात. कापड आणि सुरी म्हणजे सुरुवात. ज्या लोकांनी हे अक्षर शिवलं त्यांच्यात एखादी आपल्यासारखी बाई असलीच पाहिजे, असं त्यांना वाटलं. वहीत त्यांनी ते उतरवलं, आणि या वेळी शेजारी अर्थही लिहिला, ठळक.

दुपारभर झबल्यांची बेतणी चालली. तिसऱ्या झबल्यापाशी विहिणीने कापड उजेडाकडे धरलं, डोळे बारीक केले आणि दोरा तिरका जातोय असं दाखवलं. काकू म्हणाल्या, जात नाही. विहिणीने नखाने दोरा ओढून दाखवला. काकूंनी दुसऱ्या बाजूने ओढून दाखवला. मग बाही केवढी ठेवायची यावरून जुंपली. काकूंचं म्हणणं आखूड, पोरं लाळ पुसतात. विहिणीचं म्हणणं लांब, गार वारा लागतो. नऊ दिवस हीच बाई घराची सगळी दारं उघडी टाकत होती, ती आता वाऱ्याच्या गोष्टी सांगते, हे काकूंनी तिला तोंडावर सुनावलं, आपल्या भाषेत. विहिणीनेही तेवढ्याच मोठ्या आवाजात आपल्या भाषेत ऐकवलं.

संध्याकाळी सून पोट सावरत आली तेव्हा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. पोस्टमास्तर आपल्या दारातून उठून उभे राहिले होते, जे ते सहसा करत नाहीत. सून घाबरून आत शिरली आणि दारातच लिफ्टकाकांना धरून विचारलं, काय झालं, कशावरून भांडताहेत?

काका नवीन कॉलर लावलेल्या शर्टात खुर्चीवर निवांत बसले होते.

"बाहीवरून," ते म्हणाले. मग जरा विचार करून त्यांनी आणखी एक वाक्य बोलून टाकलं. "रुसलेली माणसं भांडत नसतात गं. बस तू, चहा करतो."